स्नेहमेळाव्याच्या यादीत नसलेली नावं

आमच्या जळगाव-धुळ्याकडे शाळा-कॉलेजांच्या आठवणींचे दोन हंगाम ठरलेले आहेत.

पहिला जून-जुलैचा. पाऊस वेळेवर येवो न येवो, गुणवंतांच्या सत्काराचा हंगाम वेळेवर येतो. दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रत्येक समाजाचं मंडळ, प्रत्येक पतसंस्था, वॉर्डातला प्रत्येक इच्छुक उमेदवार हॉल बुक करतो. गुलाबाचं फूल, ट्रॉफी, प्रमाणपत्र आणि पाहुण्यांसोबत फोटो. दुसऱ्या दिवशी बातमी.

दुसरा हंगाम दिवाळीनंतरचा. पुण्या-मुंबईला, सुरतेला, आखातात गेलेले लोक घरी आलेले असतात. मळ्यात वांगी आलेली असतात. मग कुणाच्या तरी शेतात तुरीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात, कळण्याच्या पुऱ्या तळल्या जातात आणि 'दहावीची बॅच' असं छापलेले टी-शर्ट घालून चाळिशीतली माणसं पुन्हा पोरं होतात. जुन्या सरांना शाल-श्रीफळ दिलं जातं. शाळेला वॉटर कूलर किंवा कपाट भेट दिलं जातं आणि त्यावर बॅचचं वर्ष लिहिलं जातं.

वाचकहो, या दोन्ही कार्यक्रमांना माझा विरोध नाही. पहिल्यात मी अनेकदा पुढच्या रांगेत बसलोय, दुसऱ्याचा तर मी आयोजकच होतो. म्हणूनच हे लिहितोय. टीका बाहेरच्यावर करणं सोपं असतं. ही माझ्या स्वतःच्या हातून झालेल्या चुकीची गोष्ट आहे.

आमच्या बॅचला पंचवीस वर्षं झाली तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप निघाला आणि सगळ्यांना शोधून यादी करण्याचं काम माझ्याकडे आलं. मी धुळ्याला राहतो, पण शाळा जळगावची, मराठी माध्यमाची. मी शाळेत गेलो, ओळखीच्या क्लार्ककडून दहावीच्या निकालाचा कागद मिळवला, त्यावरून नावं उतरवली आणि एकेकाचा नंबर शोधत गेलो. दोन महिने लागले. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. एकही नाव सुटलं नाही म्हणाले.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी धुळ्याहून निघालो. पारोळा, एरंडोल मागे टाकून जळगावात आलो. कार्यक्रम कुसुंब्याच्या पुढे एका शेतात होता. अजिंठा चौफुलीवर चहाला थांबलो आणि गाडी पुन्हा सुरूच होईना. जवळच्या गॅरेजमधला माणूस आला, बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर घासली, घट्ट केली. मग माझ्याकडे बघून हसला. "ओळखलं का भो?"

पाचवी ते आठवी आम्ही एका बाकावर होतो. गणितात तो माझ्या पुढे होता. माझं अपूर्णांकांचं गणित त्याच्यामुळे सुटलं. आठवीच्या उन्हाळ्यात त्याचे वडील वारले आणि जूनमध्ये तो शाळेत आलाच नाही. दाखला काढला नाही, निरोप नाही. काही दिवस सर हजेरी घेताना त्याचं नाव घ्यायचे आणि मी बाकावरून 'गैरहजर' म्हणायचो. मग एक दिवस त्या नावावर लाल शाईची रेघ आली आणि सरांनी नाव घेणं थांबवलं. मीही विसरलो.

"कुठी चालला एवढा नटूनथटून?" त्याने विचारलं.

"भरीत पार्टी आहे. शाळेचं गेट-टुगेदर."

"कोन्त्या शायेचं?"

मी म्हणालो, "आपल्या."

तो काही बोलला नाही. बॉनेट लावलं, फडक्याला हात पुसले. मी म्हणालो, चल ना तूही. तो हाताच्या काळ्या ऑइलकडे बघत म्हणाला, "जाय भो, उशीर व्हईन." पैसे घेतले नाहीत. आणि खरं सांगतो, तो येत नाही म्हटल्यावर मला थोडं बरंच वाटलं. त्याला तिथे नेऊन काय सांगणार होतो? हा आपल्या बॅचचा आहे, पण याचं नाव यादीत नव्हतं? यादी तर मीच केली होती.

त्या दिवशी भरीत खाताना मला पहिल्यांदा आठवलं की पाचवीत आम्ही एका बाकावर तिघं दाटीवाटीनं बसायचो आणि दहावीत दोघं ऐसपैस. बाकं तेवढीच होती. मग तिसरा कुठे गेला?

दुसरा प्रसंग धुळ्याचा. आमच्या समाजाच्या एका संस्थेने मुलामुलींचा सत्कार ठेवला होता. माझ्या खालाजाद बहिणीच्या मुलीला दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर मार्क मिळाले होते. बहिणीचे मियाँ पॉवरलूमवर कामाला. निवेदकाने मुलीचं नाव पुकारलं, वडिलांचं नाव पुकारलं, दोघं स्टेजवर गेले. या मुलीने समाजाचं नाव रोशन केलं, असं सांगितलं गेलं. टाळ्या झाल्या. बहीण मागे बायकांमध्ये बसलेली होती. तिला कुणी पुकारलं नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव छापलेलं असतं. राज्य सरकारने 2024 साली सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आईचं नाव लावण्याचा निर्णयही घेतला. पण स्टेजवरच्या माइकपर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी बहिणीला मुबारकबाद दिली. ती हसून म्हणाली, "भाईजान, इसको सातवीं तक पूरा हिसाब मैंने पढ़ाया. उसके आगे मुझे ही नहीं आता था."

तिची स्वतःची शाळा सातवीला सुटली. मोहल्ल्यातली शाळा सातवीपर्यंतच होती आणि हायस्कूल लांब होतं. एवढंच कारण. कुणी जुलूम केला नाही, कुणी मारलं नाही. घरात बसून चर्चा झाली, "इतनी दूर कौन छोड़ने जाएगा?" आणि विषय संपला. तेव्हा ती वर्गात दुसरी होती. त्या वर्षी तिच्या शाळेतही गुणवंतांचा सत्कार झाला असेल.

न्यायमूर्ती राजेंद्र सच्चर समितीचा अहवाल 2006 साली आला. सहा ते चौदा वयाच्या मुस्लिम मुलांपैकी सुमारे पंचवीस टक्के मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळली होती, असं त्यात नोंदवलेलं आहे. म्हणजे चारातलं एक. हा आकडा आपण भाषणात पुष्कळ वापरतो. पण सत्काराच्या हॉलमध्ये बसलेलो असताना त्या चौथ्या मुलाची आठवण आपल्याला येत नाही, कारण हॉलची दारं टक्केवारी बघून उघडतात. आणि हे फक्त मुसलमानांचं नाही. माझा बाकावरचा दोस्त मुसलमान नव्हता. ऊसतोडीला जाणाऱ्यांची, पाड्यावरची, भंगार वेचणाऱ्यांची मुलं कोणत्याच समाजाच्या सत्कारात नसतात.

आणखी एक गोष्ट खटकते. प्रत्येक समाज आपापल्या मुलांचा सत्कार करतो. लेवा पाटलांचा वेगळा, मराठ्यांचा वेगळा, माळ्यांचा वेगळा, आमचा वेगळा. एकाच वर्गात शेजारी बसून अभ्यास केलेल्या दोन मैत्रिणी दोन वेगळ्या हॉलमध्ये दोन वेगळ्या रविवारी गुलाब घेतात. वर्गात त्या मैत्रिणी होत्या, स्टेजवर त्या समाजाच्या होतात. मग एखाद्या मुस्लिम मुलीला संस्कृतमध्ये किंवा मराठीत चांगले मार्क मिळाले की तिच्या धर्मासकट बातमी होते. कौतुकाच्या भरात आपण तिला सांगून टाकतो की हे तुझ्याकडून अपेक्षित नव्हतं.

मग सन्मान करूच नये का? तसं मी म्हणत नाही. सन्मान कशाचा करायचा आणि घरी परत कुणाला बोलवायचं, हे प्रश्न जगात सगळ्याच शिक्षणसंस्थांना पडलेले आहेत. काहींनी त्यांची चांगली उत्तरं शोधली आहेत.

आमच्या कौमपुरतं बोलायचं तर अलीगढचं उदाहरण समोर आहे. सर सय्यद अहमद खान यांनी 1875 साली तिथे शाळा सुरू केली, तिचं पुढे मोहम्मडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेज झालं आणि 1920 साली विद्यापीठ. तिथल्या माजी विद्यार्थ्यांना 'ओल्ड बॉइज' म्हणतात. 17 ऑक्टोबरला, सर सय्यद यांच्या जन्मदिवशी, जगात जिथे जिथे अलीगढचे लोक आहेत तिथे ते एकत्र जेवतात. आपल्याकडच्या एखाद्या डॉक्टरच्या किंवा वकिलाच्या घरी शेरवानीतला जुना फोटो दिसला की समजावं, हे अलीगढचे.

पण अलीगढची मला जास्त भावलेली गोष्ट ही जेवणावळ नाही. 1890 साली तिथल्या साहिबजादा आफताब अहमद खान यांनी 'अंजुमन-अल-फर्ज' नावाची संस्था काढली. इंग्रजीत तिला ड्यूटी सोसायटी म्हणत. कॉलेजमधले विद्यार्थी स्वतः गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पैसे जमा करत. सुट्टीत घरी गेलेला मुलगा आपल्या गावात झोळी पसरे. चांगल्या घरातल्या, शिकलेल्या मुलाने दुसऱ्याच्या फीसाठी लोकांसमोर हात पसरणं, यात त्या काळच्या शरीफ घराण्यांना लाज वाटली असेल. पण त्या पैशातून कितीतरी मुलं शिकली. शिक्षण मिळालं म्हणजे फर्ज अंगावर आलं, असा त्या नावाचाच अर्थ आहे.

दुसरं उदाहरण लांबचं आहे. अमेरिकेत माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला 'होमकमिंग' म्हणतात, म्हणजे घरी परतणं. दरवर्षी पानगळीच्या दिवसांत जुने विद्यार्थी कॉलेजला येतात, मिरवणूक निघते, फुटबॉलचा सामना होतो. बहुतेक ठिकाणी विद्यार्थी मतदान करून त्या वर्षीचे 'राजा' आणि 'राणी' निवडतात आणि सामन्याच्या मध्यंतरात त्यांना मुकुट घालतात. चर्चशी जोडलेल्या छोट्या छोट्या कॉलेजांमध्येही ही प्रथा आहे. आपल्याकडेही मुंबईचं 1832 सालचं विल्सन कॉलेज किंवा डॉ. भा. पां. हिवाळे यांनी 1947 साली सुरू केलेलं अहमदनगर कॉलेज अशी ख्रिस्ती परंपरेतली कॉलेजं आहेत आणि महाराष्ट्रातल्या सगळ्या जातिधर्मांची मुलं त्यांना आपलं घर मानतात.

अमेरिकेतल्या अशा कॉलेजांपैकी केंटकी राज्यातलं बेरिया कॉलेज मला वेगळं वाटतं. जॉन फी नावाच्या गुलामगिरीविरोधी पाद्रीने 1855 साली ते सुरू केलं, तेही गुलामगिरी चालू असलेल्या राज्यात. यादवी युद्ध संपल्यावर तिथे काळी आणि गोरी मुलं एकत्र शिकू लागली. दीडशे वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत ही फार मोठी गोष्ट होती. तिथे ट्यूशन फी घेतली जात नाही. त्याबदल्यात प्रत्येक विद्यार्थ्याला, तो कुणाचाही मुलगा असो, आठवड्याला किमान 10 तास काम करावं लागतं. कुणी स्वयंपाकघरात, कुणी सुतारकामात, कुणी विणकामात, कुणी कार्यालयात. आणि या कामाचा सन्मान होतो. चांगलं काम करणाऱ्यांना बक्षिसं दिली जातात, जशी आपल्याकडे मार्कांना दिली जातात.

माझा गॅरेजवाला दोस्त त्या कॉलेजात असता तर बॅटरीची वायर जोडण्याच्या हाताला तिथे ट्रॉफी मिळाली असती.

पण बेरियाची गोष्ट इथे संपत नाही. 1904 साली केंटकीने कायदा केला की काळ्या आणि गोऱ्या मुलांना एका शाळेत शिकवायचं नाही. कॉलेज कोर्टात गेलं. 1908 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात हरलं. काळ्या विद्यार्थ्यांना तिथून जावं लागलं. कॉलेजने त्यांच्यासाठी पैसे उभे करून वेगळी संस्था काढायला मदत केली, पण बेरियाची दारं त्यांच्यासाठी पुन्हा उघडायला 1950 साल उजाडलं. मधल्या काळात जे शिकले, जे परत आले, ज्यांनी तिथे गाणी म्हटली, ते सगळे गोरे होते. ते काही वाईट लोक नसतील. त्यांच्या यादीत ती नावं नव्हती, इतकंच. माझ्याही यादीत नव्हती. फरक असा की त्यांच्यावर कायद्याची सक्ती होती. माझ्यावर कुणाचीच नव्हती.

ख्रिस्ती लोकांच्या 'घरी परतण्या'बद्दल बोलताना त्यांच्याच धर्मग्रंथातली एक गोष्ट आठवते. बायबलच्या लूकच्या शुभवर्तमानात उधळ्या मुलाचा दृष्टांत आहे. दोन मुलांपैकी धाकटा वाटणी घेऊन जातो, सगळं उडवतो, डुकरं राखायची वेळ येते, मग शरमेनं घरी येतो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो आणि मेजवानी देतो. घरी राहून इमानेइतबारे काम करणारा थोरला चिडतो. त्या गोष्टीत मेजवानी पहिल्या नंबरासाठी नाही. ती परत आलेल्यासाठी आहे. आमच्याकडे कुरआनात 'अबस' नावाची सूरह आहे. प्रेषित मक्केच्या बड्या सरदारांशी बोलत असताना एक अंध माणूस काही विचारायला आला आणि प्रेषितांच्या कपाळावर आठी पडली. त्यावर खुद्द प्रेषितांना अल्लाहने समज दिली, असा तिचा संदर्भ आहे. समोर मान्यवर बसलेले असताना दारात आलेल्या माणसाकडे तोंड फिरवायचं नाही, ही शिकवण दोन्हीकडे आहे. आपल्या कार्यक्रमांत मात्र मान्यवरांच्या खुर्च्या आधी लागतात.

इतक्या लांब जायचीही गरज नाही. हे उत्तर आपल्या खान्देशात, अमळनेरात, शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे.

साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांची अंथरुणं आवरणं, कपडे धुणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं, हे सगळं ते करायचे. मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढायचे. पुढे त्यांनी इस्लामी संस्कृतीवर मराठीत पुस्तक लिहिलं हे आमच्याही फार लोकांना माहीत नसतं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांनी म्हातारपणापर्यंत त्यांची आठवण काढली. त्यातल्या किती जणांना पहिला वर्ग मिळाला होता, हे कुणी मोजलं नाही. घर सोडून आलेल्या मुलाला शाळेत घर मिळालं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहिलं. ज्या शाळेत घर मिळतं तिथेच 'घरी परतणं' या शब्दाला अर्थ असतो.

आणि आपलं विद्यापीठ? 15 ऑगस्ट 1990 ला जळगाव, धुळे, नंदुरबारसाठी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झालं. 2018 साली त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं गेलं. बहिणाबाई 1880 साली असोद्याला जन्मल्या, जळगावात शेतात राबल्या, 1951 साली वारल्या. त्या शाळेत गेल्या नाहीत. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या गायच्या ते घरच्यांनी उतरवून घेतलं, म्हणून त्यांच्या कविता 1952 साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकात आल्या.

जरा विचार करा. आज खान्देशातल्या प्रत्येक पदवीधराच्या प्रमाणपत्रावर एका अशा बाईचं नाव आहे जिच्याकडे चौथी पासचाही दाखला नव्हता. तिला आपल्या एखाद्या सत्काराला बोलावलं असतं का? टक्केवारीच्या रकान्यात काय लिहिलं असतं? माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तर ती बसलीच नसती. आपण तिचं नाव दरवाजावर लावलंय आणि तिच्यासारख्यांना दरवाजाबाहेर ठेवलंय.

आता आक्षेपांचं बघू. माझ्या ग्रुपवर मी हा विषय काढला तेव्हा तीन आक्षेप आले आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप असा की सगळ्यांचाच सत्कार केला तर सत्काराला किंमत काय? मेहनत करून नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलीने काय पाप केलं? काहीच नाही. तिला ट्रॉफी मिळालीच पाहिजे. माझ्या भाचीला मिळाली तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण नव्वद टक्क्यांबरोबर आणखी काही गोष्टींची मेहनत असते. सकाळी चार वाजता केळीची गाडी भरून शाळेत आलेल्या मुलाचे साठ टक्के असतात. लहान भावंडांना सांभाळून दहावी पास झालेल्या मुलीचे पंचावन्न असतात. त्यांच्यासाठी एक खुर्ची मांडली तर नव्वदवालीची खुर्ची काढावी लागत नाही.

दुसरा आक्षेप, की ज्यांनी शाळा सोडली त्यांनाच यायला संकोच वाटेल. बोलावून आपण त्यांचा अपमान करू. हा आक्षेप खरा आहे. माझ्या दोस्ताने ऑइलच्या हातांकडे बघितलं ते मी विसरलेलो नाही. पण हा संकोच कुठून आला? मेळाव्यात पहिला प्रश्न 'सध्या काय करतोस?' हा असतो आणि मग गाड्या, फ्लॅट, परदेश यांचा बाजार भरतो. तो बाजार बंद करणं आपल्या हातात आहे. येणं न येणं त्याने ठरवावं. बोलावणं तर आपण देऊ शकतो. निमंत्रण न देता 'त्याला आवडणार नाही' असं आपणच ठरवायचं, ही आपली सोय आहे.

तिसरा आक्षेप एका जुन्या मैत्रिणीचा होता, आणि तो सगळ्यात कडक होता. ती म्हणाली, "तुम्ही पुरुष तरी येता. आमच्या बॅचच्या निम्म्या मुलींचे नंबरसुद्धा तुला मिळाले नाहीत. त्यांना नवऱ्याने पाठवलं नाही. त्यांच्या घरी कोण गेलं?" मी गप्प बसलो. नंबर मिळाला नाही की मी नावापुढे फुली मारत होतो. फुली मारायला लाल शाईच लागते असं नाही.

मग करायचं काय? भाषण करून थांबणं मला आवडत नाही, म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो.

यादी दहावीच्या निकालावरून करू नका. शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यात प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचं नाव असतं. पाचवीच्या प्रवेशावरून यादी करा. ग्रुपचं नावही 'दहावी अमुक साल' ऐवजी 'पाचवी अमुक साल' ठेवा. तेवढ्याने कितीतरी लोक आत येतील.

मेळाव्याच्या वर्गणीतला एक हिस्सा बाजूला काढा. राज्य मंडळाचा 17 नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसता येतं. बॅचमधल्या कुणाला किंवा कुणाच्या बायकोला, बहिणीला पुन्हा परीक्षा द्यायची असेल तर त्या पैशातून फी भरा, पुस्तकं द्या. चाळिशीत दहावी पास होणाऱ्या बाईचा सत्कार करून बघा. टाळ्या कशा वाजतात ते बघा.

शाळेला वॉटर कूलर देण्याआधी मुख्याध्यापकांना एक प्रश्न विचारा. यंदा आठवीतून नववीत कोण कोण आलं नाही? त्या मुलांच्या घरी दोघा-तिघांनी जा. वडील वारले असतील, हायस्कूल लांब असेल, सायकल नसेल. पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या दोस्ताच्या घरी असं कुणी गेलं असतं तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. अलीगढच्या मुलांनी झोळी घेतली, आपल्याला तर फक्त मोटरसायकल काढायची आहे.

सत्कार समाजाचा ठेवायचाच असेल तर ठेवा, पण निदान वर्षातून एक सत्कार वॉर्डाचा किंवा शाळेचा ठेवा, जिथे त्या दोन मैत्रिणी एका स्टेजवर एकत्र उभ्या राहतील. आणि माइकवर आईचं नाव घ्या. आईला स्टेजवर बोलवा. आमच्या समाजात बायका स्टेजवर येत नाहीत असं कुणी म्हणेल. त्यांना कुणी पुकारलंय का, हे आधी बघू.

मोठमोठ्या समित्या यातलं काही करणार नाहीत. हे तुमच्या-माझ्यासारख्या यादी करणाऱ्या माणसाचं काम आहे. कुणाला घरी बोलवायचं हे शेवटी वही घेऊन बसलेला माणूस ठरवतो.

यंदाही दिवाळीनंतर भरीत पार्टी आहे. यादी पुन्हा माझ्याकडेच आली. मागच्या महिन्यात मी शाळेत जाऊन पाचवीच्या प्रवेशाची नावं मागितली. क्लार्क म्हणाले, "ही कशाला? यातले बरेच तर पुढे सोडून गेले." मी म्हणालो, म्हणूनच.

परत येताना अजिंठा चौफुलीवर थांबलो. गाडी ठीक होती, तरी थांबलो. दोस्ताला तारीख सांगितली. त्याने टायर खोलता खोलता विचारलं, "काय आणाचं?" मी म्हणालो, काही नाही, फक्त ये. तो म्हणाला, "पाहू भो."

'पाहू' म्हणजे खान्देशात हो पण नसतं आणि नाही पण नसतं. मी यादीत त्याचं नाव लिहिलंय. पाचवीत ज्या क्रमाने होतं त्याच क्रमाने, माझ्या नावाच्या वर.